स्पष्टीकरण : वणव्यात होरपळलेल्यांपर्यंत आपत्कालीन वैद्यकीय सेवा कशी पोहोचते?

चेन्नई : डोंगरातील वणव्यात माणसे सापडल्याचा दूरध्वनी १०८ क्रमांकावर आला, की जवळची रुग्णवाहिका निघते; परंतु ती आगीपर्यंत जाऊ शकत नाही. रस्ता संपतो तिथे तिला थांबावे लागते. तिथून वर, जखमी ज्या उतारावर पडलेले असतात तिथपर्यंतचे काही किलोमीटर, हा या संपूर्ण सेवेतील सर्वांत अवघड टप्पा असतो आणि अनेकदा जखमीचे भवितव्य तिथेच ठरते.

तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी लागलेल्या वणव्याने हे वास्तव देशासमोर आणले. सुट्टीच्या दिवशी पदभ्रमणासाठी गेलेल्या, प्रामुख्याने चेन्नई, ईरोड आणि तिरुप्पूर या शहरांतील तरुण-तरुणींचे गट या आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा ९ होता. पुढील आठवड्यांत तो २३ वर गेला. या दोन आकड्यांमधील बहुतेक माणसे आगीतून जिवंत बाहेर आली होती. रुग्णालयांत उपचार सुरू असताना, कोणी काही तासांनी तर कोणी काही आठवड्यांनी, त्यांचा मृत्यू झाला.

वणव्यातील वैद्यकीय मदत नेमकी कशी चालते, ती कुठे अडते आणि त्या अडचणी कमी करण्यासाठी काय करता येते, याचा हा आढावा.

कुरंगणीत काय घडले?

कुरंगणी हे बोडिनायक्कनूरपासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावरील, तामिळनाडू-केरळ सीमेलगतच्या डोंगरांच्या पायथ्याचे गाव. येथून वर कोलुक्कुमलैच्या चहामळ्यांकडे पायवाटा जातात. ११ मार्चच्या रविवारी दुपारी हे गट उतारावर असताना वाळलेल्या गवताने पेट घेतला. वारा, तीव्र चढ आणि कमरेएवढे सुके गवत यांमुळे आग झपाट्याने पसरली. वाट सोडून धावताना काही जण खडकाळ घळींत पडले. त्यांना भाजण्याबरोबरच हाडे मोडण्याच्या जखमाही झाल्या.

जखमींपर्यंत सर्वांत आधी पोहोचले ते परिसरातील ग्रामस्थ आणि मळ्यांतील मजूर. त्यांच्यामागून पोलीस, वनविभाग आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. रुग्णवाहिका पायथ्याशी रांगेत उभ्या होत्या. जखमींना चादरी आणि झोळ्यांतून खाली आणावे लागले. राज्य सरकारच्या विनंतीनंतर वायुसेनेची हेलिकॉप्टरे आणि गरुड कमांडो मदतीला आले. मात्र अंधार, धूर आणि उतरण्यायोग्य सपाट जागेचा अभाव यांमुळे रात्री हेलिकॉप्टरच्या कामाला मर्यादा होत्या. त्या रात्रीचे बहुतांश काम माणसांच्या खांद्यांवरच झाले.

डोंगरावर नेमके किती जण आहेत, हा प्रश्न त्या रात्री बराच काळ अनिर्णित होता. हे गट ज्या मार्गाने गेले त्यासाठी वनविभागाची परवानगी नव्हती, असे प्रशासनाने नंतर सांगितले. परवानगीचा मुद्दा केवळ नियमभंगाचा नसतो. परवानगीबरोबर नावांची यादी, मार्ग आणि परतीची वेळ यांची नोंद होते. ती नसेल तर किती रुग्णवाहिका, किती स्ट्रेचर, किती खाटा लागतील आणि शोध केव्हा थांबवायचा, हे कोणालाच ठरवता येत नाही.

आग पेटलेली असताना वैद्यकीय पथक पुढे का जात नाही?

आपत्कालीन सेवेचा पहिला नियम असा, की मदतीला गेलेला माणूस स्वतः जखमी होता कामा नये. वणव्यात हा नियम अधिक कठोरपणे पाळावा लागतो, कारण आगीची दिशा क्षणात बदलते. उतारावर वर चढणारी आग सपाटीपेक्षा वेगाने धावते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, त्याला आधीच तापवतात आणि सुकवतात. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा वणवा विझवणारी पथके वापरतात. २० अंशांच्या चढावर तो चौपट होतो. थकलेल्या माणसाला चढावर अशा आगीच्या पुढे पळणे शक्य नसते.

उत्तराखंडमधील बिनसर अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी वणवा विझवण्यासाठी गेलेले वनविभागाचे कर्मचारीच आगीत सापडले. चार जणांचा जागीच मृत्यू झाला आणि चार जण गंभीर भाजले. जखमींना आधी हल्द्वानी येथे आणि तिथून विमानाने दिल्लीच्या एम्समध्ये हलवण्यात आले. आगीशी झुंजण्याचे प्रशिक्षण असलेल्यांची ही स्थिती असेल, तर रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञाने ज्वाळांजवळ जाणे कितपत शहाणपणाचे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून वैद्यकीय पथके आगीपासून सुरक्षित अंतरावर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि परतीचा रस्ता मोकळा राहील अशा जागी थांबा निश्चित करतात. वनविभाग किंवा अग्निशमन दल जखमींना आगीच्या टप्प्यातून बाहेर काढते आणि त्या सीमेवर वैद्यकीय पथक त्यांचा ताबा घेते. कोणी कुठे थांबायचे आणि कोणाचा आदेश अंतिम, हे घटनास्थळीच्या एका प्रमुखाने ठरवायचे असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये जारी केलेल्या घटना प्रतिसाद प्रणालीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी एकछत्री रचना सांगितली असून तीत वैद्यकीय कक्षालाही स्थान आहे. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत पोलीस, वन, महसूल आणि आरोग्य हे विभाग आपापल्या साखळीतून आदेश घेत असतात. त्यांचा मेळ जितका लवकर बसेल तितका वेळ वाचतो.

१०८ च्या नियंत्रण कक्षात काय होते?

तामिळनाडूत १०८ सेवा सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली. तिचा राज्यस्तरीय नियंत्रण कक्ष चेन्नईत आहे. राज्यातील कोणत्याही कोपऱ्यातून आलेला दूरध्वनी येथे घेतला जातो, ठिकाणाची खातरजमा होते आणि जवळची रुग्णवाहिका रवाना केली जाते. रुग्णवाहिकेतील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला मार्गदर्शन करण्यासाठी कक्षातील डॉक्टरांचा सल्ला उपलब्ध असतो. शहरातील कोंडीतून वाट काढण्यासाठी २०१६ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही सुरू करण्यात आल्या.

ही यंत्रणा रस्ते अपघात, प्रसूती आणि हृदयविकार यांसाठी घडलेली आहे. त्या घटनांत ठिकाण सांगता येते, रस्ता असतो आणि रुग्ण एक किंवा दोन असतात. वणव्यात या तिन्ही गोष्टी नसतात. दूरध्वनी करणाऱ्याला स्वतःची जागा सांगता येत नाही, डोंगरात मोबाइलचे जाळे अधूनमधून तुटते आणि जखमी एकाच वेळी डझनांनी असतात. अशा वेळी नियंत्रण कक्षाला दोन कामे समांतर करावी लागतात. एकीकडे शेजारच्या तालुक्यांतील रुग्णवाहिका पायथ्याशी आणायच्या आणि दुसरीकडे त्या तालुक्यांत नेहमीचे रुग्ण वाऱ्यावर सुटणार नाहीत, अशा रीतीने उरलेल्या गाड्यांची फेरमांडणी करायची.

जखमींची वर्गवारी कशी होते?

पायथ्याशी जखमी येऊ लागले, की पहिले काम उपचाराचे नसून वर्गवारीचे असते. वैद्यकीय भाषेत त्याला ‘ट्रायाज’ म्हणतात. श्वास, नाडी आणि शुद्ध या तीन गोष्टी तपासून प्रत्येक जखमीला रंगीत पट्टी बांधली जाते. तातडीने उपचार मिळाले तर वाचू शकेल अशा व्यक्तीला लाल, थोडा वेळ थांबू शकेल अशाला पिवळी, चालता-फिरता असलेल्याला हिरवी आणि मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्याला काळी पट्टी मिळते. ही तपासणी एका जखमीमागे साधारण एका मिनिटाच्या आत आटोपायची असते.

भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत ही वर्गवारी फसवी ठरू शकते. मोठ्या प्रमाणात भाजलेला रुग्ण पहिल्या तासाभरात पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, पाणी मागतो, घरच्यांचा क्रमांकही सांगतो. खोलवर भाजलेल्या भागातील संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच जळालेल्या असल्याने तिथे वेदना कमी जाणवते. याउलट वरवर भाजलेला रुग्ण वेदनेने ओरडत असतो. अननुभवी मदतनीस ओरडणाऱ्याला आधी उचलतो आणि शांत बसलेला गंभीर रुग्ण मागे राहतो. म्हणून वर्गवारी पुन्हा पुन्हा, रुग्णवाहिकेत चढवताना आणि रुग्णालयाच्या दारातही, करावी लागते.

श्वासनलिकेचा धोका

वणव्यातील सर्वांत फसवी इजा डोळ्यांना दिसत नाही. गरम हवा आणि धूर आत गेल्याने घसा व श्वासनलिकेच्या वरच्या भागाला सूज येते. ही सूज ताबडतोब येत नाही, ती काही तासांत वाढत जाते. पायथ्याशी नीट बोलणारा माणूस मदुराईच्या वाटेवर घुसमटू शकतो. नाकातील जळालेले केस, थुंकीत काजळी, घोगरा झालेला आवाज आणि चेहऱ्यावरील भाजल्याच्या खुणा ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसली तर सूज वाढण्याची वाट न पाहता श्वासनलिकेत नळी घालावी लागते, कारण नंतर नळी घालण्यास जागाच उरत नाही. हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. तशी व्यक्ती सोबत नसेल, तर ती जिथे आहे त्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचणे हाच पर्याय उरतो.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटतो. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर या दोहोंत फरक करू शकत नाही. त्यामुळे ते ९८ किंवा ९९ असा दिलासादायक आकडा दाखवत असतानाही शरीर ऑक्सिजनविना असू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास ते एक ते दीड तासात साधते. मोकळ्या रानात धूर विरतो, पण घळीत किंवा दरीत तो साचून राहतो. म्हणून वणव्यातून आलेल्या, धुरात सापडलेल्या रुग्णाला यंत्रावरील आकडा काहीही असला तरी मुखवट्यातून ऑक्सिजन सुरू करणे हा नियम आहे. पायथ्याशी पुरेसे सिलिंडर असणे याला म्हणूनच इतके महत्त्व.

पहिल्या आठ तासांचे गणित

त्वचा जळाली की शरीरातील रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातील द्रव ऊतींमध्ये उतरतो. प्रौढ व्यक्तीचे सुमारे २० टक्क्यांहून अधिक शरीर भाजले असेल, तर शिरेवाटे द्रव दिल्याशिवाय ही तूट भरून निघत नाही. किती टक्के भाजले याचा अंदाज घेण्यासाठी ‘नऊचा नियम’ वापरतात. डोके व मान मिळून ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के, धडाची पुढची व मागची बाजू प्रत्येकी १८ टक्के आणि जांघेचा भाग १ टक्का. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, साधारण १ टक्का मानला जातो.

त्यावरून द्रवाचे प्रमाण ठरते. ‘पार्कलँड सूत्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार रुग्णाचे वजन किलोग्रॅममध्ये, भाजलेली टक्केवारी आणि ४ मिलिलिटर यांचा गुणाकार करायचा. ६० किलो वजनाची व्यक्ती ५० टक्के भाजली असेल, तर पहिल्या २४ तासांत १२ लिटर द्रव लागेल. त्यातील अर्धा, म्हणजे ६ लिटर, पहिल्या आठ तासांत द्यायचा असतो. अलीकडे अनेक ठिकाणी ४ ऐवजी २ मिलिलिटरपासून सुरुवात करून लघवीच्या प्रमाणानुसार मात्रा वाढवली जाते, कारण जास्त द्रवही घातक ठरतो.

या गणितातील कळीचा मुद्दा वेळेचा आहे. हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात. रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे. दुपारी तीनच्या सुमारास भाजलेली व्यक्ती रात्री नऊला पायथ्याशी पोहोचली, तर आठपैकी सहा तास डोंगरावरच संपलेले असतात. एवढा वेळ द्रव मिळाला नाही, तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि पुढे कितीही उत्तम रुग्णालय मिळाले तरी गेलेली वेळ भरून काढता येत नाही. ज्या जखमा पहिल्या रात्री जिवावर बेतत नाहीत, त्या आठवड्यांनंतर बेततात याचे एक कारण इथे आहे.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आधीच ठरलेले असावे लागतात. सलाइनच्या पिशव्या, शीर सापडत नसेल तर हाडात सुई घालण्याचे साधन, वेदनाशामक, स्वच्छ चादरी आणि दुमडता येणारी स्ट्रेचर पाठीवर घेऊन वर चढणारे छोटे पथक उपलब्ध असेल, तर उपचाराची सुरुवात रस्त्याऐवजी उतारावरच होते.

रुग्णालयांची साखळी

कुरंगणीतील जखमी बोडिनायक्कनूरचे सरकारी रुग्णालय, थेनीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथून मदुराईचे राजाजी सरकारी रुग्णालय, अशा टप्प्यांनी नेण्यात आले. काहींना खासगी रुग्णालयांत हलवण्यात आले. कुरंगणी ते मदुराई हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. चेन्नई तर जवळपास ५०० किलोमीटर दूर.

या साखळीतील प्रत्येक रुग्णालयाचे काम वेगळे असते. तालुक्याच्या रुग्णालयाने श्वासमार्ग सुरक्षित करायचा, द्रव सुरू करायचा, धनुर्वाताची लस द्यायची, रुग्णाला ऊब द्यायची आणि पुढे पाठवायचे. छातीभोवती किंवा हातापायांभोवती गोलाकार भाजले असेल, तर कडक झालेली त्वचा आवळत जाते आणि रक्तप्रवाह किंवा श्वास थांबवते. तिथे चीर देऊन ताण मोकळा करावा लागतो आणि त्यासाठी शंभर किलोमीटर थांबता येत नाही. जिल्हा रुग्णालयाने शस्त्रक्रिया व अतिदक्षतेची बाजू सांभाळायची. खोल आणि विस्तृत भाजलेल्यांना अखेर विशेष जळीत विभागच लागतो. चेन्नईत किलपॉक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील असा विभाग राज्यभर ओळखला जातो.

जळीत विभागाची खाट म्हणजे केवळ पलंग नव्हे. जंतुसंसर्ग रोखण्यासाठी वेगळी खोली, रोजची मलमपट्टी, वारंवार शस्त्रक्रिया, त्वचारोपण आणि दर रुग्णामागे अधिक परिचारिका असा सारा पसारा तिच्यासोबत येतो. पहिल्या काही दिवसांनंतर भाजलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग हे असते. रुग्णाच्या अंगावर रोपणासाठी स्वतःची पुरेशी निरोगी त्वचा उरली नसेल, तेव्हा त्वचापेढीतील दान केलेली त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून उपयोगी पडते. एकाच रात्री पंधरा-वीस गंभीर रुग्ण आले, तर कोणत्याही एका शहरातील ही व्यवस्था अपुरी पडते. त्यामुळे कोणाला कुठे न्यायचे हे पायथ्याशीच ठरवून रुग्ण विभागून देणे आवश्यक ठरते. सर्वांत जवळच्या रुग्णालयात सर्वांना उतरवले तर आपत्ती डोंगरावरून रुग्णालयात स्थलांतरित होते, एवढेच.

कधी रुग्णालयच आगीच्या वाटेत येते. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज शहर ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वणव्याने उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील रुग्णालय रिकामे करावे लागले आणि रुग्णवाहिका पुरेनात म्हणून कर्मचाऱ्यांनी आपल्या खासगी मोटारींतून रुग्ण हलवले. त्या वणव्यात ८५ जणांचा मृत्यू झाला.

धुराचे रुग्ण

भाजलेल्यांव्यतिरिक्त वणव्याचा एक मोठा रुग्णवर्ग असतो. धुरातील सूक्ष्म कण आगीपासून कित्येक किलोमीटर दूरपर्यंत जातात. दमा आणि फुप्फुसांचे जुनाट आजार असलेले, हृदयरुग्ण, गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांना त्याचा त्रास होतो. कापडी रुमाल हे कण अडवत नाही; नीट बसणारा एन-९५ मुखवटा अडवतो. आग विझल्यानंतरही काही दिवस १०८ कडे येणाऱ्या दूरध्वनींत अशा रुग्णांची भर पडते, म्हणून परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत फवाऱ्याची औषधे आणि ऑक्सिजन वाढवून ठेवावा लागतो.

इतर देशांनी काय धडा घेतला?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जणांचा मृत्यू झाला. तेथील डॉक्टरांना मोठ्या संख्येने गंभीर भाजलेले रुग्ण येतील अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात ते थोडे आले. आगीने बहुतेकांना जागीच गाठले होते किंवा ते किरकोळ जखमांसह निसटले होते. कुरंगणीचे चित्र याहून वेगळे होते. तिथे गंभीर जखमी होऊनही जिवंत असलेल्यांची संख्या मोठी होती. अशा दुर्घटनेत आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या वेगाला आणि कौशल्याला अधिक वाव असतो आणि तिच्यावरील जबाबदारीही अधिक असते.

अमेरिकेतील एका घटनेने या जबाबदारीला नेमके शब्द दिले. कॅलिफोर्नियात डच क्रीक येथे जुलै २००८ मध्ये वणव्याच्या कामावर असलेला एक तरुण जवान झाड कोसळून जखमी झाला. त्याला जंगलातून बाहेर काढण्यात तीन तासांहून अधिक काळ गेला आणि रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील पथकांनी कामाला सुरुवात करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे ठरवून ठेवण्याचा नियम केला. कोणी जखमी झाले तर काय करायचे? त्याला इथून बाहेर कसे काढायचे? रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागेल?

तामिळनाडू आणि महाराष्ट्रातील स्थिती

कुरंगणीच्या दुर्घटनेची चौकशी ज्येष्ठ सनदी अधिकारी अतुल्य मिश्रा यांनी केली. त्यानंतर २०१८ मध्येच तामिळनाडू सरकारने वनक्षेत्रातील पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम लागू केले. पूर्वपरवानगी, ठरावीक मार्ग आणि मार्गदर्शक यांवर त्यात भर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने ‘ट्रेक तामिळनाडू’ हा उपक्रम ४० मार्गांसह सुरू केला. ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक मार्गदर्शक ही त्याची वैशिष्ट्ये असून वणव्याच्या हंगामात पदभ्रमण थांबवले जाते. आपत्कालीन सेवेच्या दृष्टीने यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नोंद : डोंगरावर कोण आहे आणि किती जण आहेत, हे आता सांगता येते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आग लागलेली ठिकाणे शोधून नोंदणी केलेल्यांना मोबाइल संदेशाद्वारे सूचना देते. मोठ्या वणव्यांवर सतत नजर ठेवण्याचा स्वतंत्र कार्यक्रम संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केला. हीच सूचना १०८ च्या नियंत्रण कक्षातही तत्काळ दिसू लागली, तर पहिला दूरध्वनी येण्यापूर्वीच पायथ्याच्या दिशेने गाड्या हलवता येतील.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांतील २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, तर ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या. येथे रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ही या सेवेची जमेची बाजू. सह्याद्रीच्या गवताळ पठारांवर आणि किल्ल्यांच्या उतारांवर फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात. पावसाळ्यात नवे गवत चांगले यावे या समजुतीने लावलेली आग किंवा निष्काळजीपणे टाकलेली विडी-सिगारेट ही त्यांची नित्याची कारणे. याच काळात शनिवार-रविवारी गडांवर गर्दी असते. वनविभाग हंगामापूर्वी जाळरेषा काढतो. तिने आग अडते, जखमीला खाली आणता येत नाही.

दरी आणि रस्ता यांमधील हा टप्पा महाराष्ट्रात अनेक वर्षे गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी पथकांनी सांभाळला आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारख्या संस्था दरीत अडकलेल्यांना दोर व स्ट्रेचरच्या साहाय्याने बाहेर काढतात. कुरंगणीत जे काम ग्रामस्थांनी चादरींवर केले, तेच काम ही पथके प्रशिक्षणाने आणि साधनांनी करतात. जळीत जखमींच्या हाताळणीचे शिक्षण त्यांना आणि वणवाप्रवण गावांतील तरुणांना मिळाले, तर सर्वांत कमकुवत दुवा सर्वांत कमी खर्चात मजबूत होईल. अतिगंभीर जळीत रुग्णांसाठी नवी मुंबईतील ऐरोलीच्या राष्ट्रीय जळीत केंद्रात विशेष उपचारांसह त्वचापेढीची सोय आहे.

वणव्यात सापडल्यास काय करावे?

आगीच्या वरच्या अंगाला, चढाच्या दिशेने पळू नये. घळी आणि अरुंद नाळा टाळाव्यात. तिथून धूर आणि ज्वाळा धुराड्याप्रमाणे वर चढतात. खडकाळ किंवा उघडी जमीन, पाणवठा किंवा आधीच जळून गेलेला पट्टा तुलनेने सुरक्षित असतो. कृत्रिम धाग्यांचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात, म्हणून रानात सुती किंवा लोकरी कपडे व पूर्ण बाह्या उपयोगी पडतात. दूरध्वनी लागला तर १०८ किंवा ११२ वर आपण किती जण आहोत, शेवटचे ओळखीचे ठिकाण कोणते आणि किती जणांना चालता येत नाही, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. मोबाइलवरील नकाशातून आपले स्थान पाठवता आले तर उत्तम.

भाजलेल्या भागावर शक्य असल्यास २० मिनिटे वाहते, साधे पाणी सोडावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तेल किंवा हळद लावू नये. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. शरीराचा मोठा भाग भाजला असेल, तर फार वेळ पाणी ओतल्याने शरीर गार पडते. अशा व्यक्तीला थोडे थंडावून स्वच्छ, कोरड्या चादरीत गुंडाळावे आणि वरून पांघरूण द्यावे. किती वाजता भाजले ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी, कारण पुढील सारे गणित तिच्यावर बेतलेले असते.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरात जाणारा गट, त्याला परवानगी देणारा वनविभाग आणि त्या परिसरातील रुग्णालय या तिघांनीही डच क्रीकनंतर ठरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवायला हवीत. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठ तासांहून अधिक निघत असेल, तर वणव्याच्या हंगामात ती वाट बंद ठेवणे, हाच त्या ठिकाणचा सर्वांत परिणामकारक वैद्यकीय उपाय आहे.